आरशापुढचा वानर आणि सरांची दाढी

आमच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र विभागाच्या शेवटच्या खोलीत दर शनिवारी दुपारी एक चर्चागट भरायचा. त्याचं अधिकृत नाव होतं 'प्रायमेट जीवशास्त्र व उत्क्रांती चर्चागट'. विभागाचे शिपाईकाका कुलूप उघडताना विचारायचे, "आली का सगळी माकडं?" त्यांच्या मनात वाईट काही नसायचं. एवढं लांबलचक नाव त्यांच्या जिभेवर बसत नव्हतं, इतकंच.

मी तेव्हा तिथं तासिका तत्त्वावर शिकवायचे. माझा अभ्यासाचा विषय गांडूळ. गांडुळाला चेहरा नसतो, रागलोभ नसतो, नातीगोती नसतात. दिवसभर त्याच्याकडे बघून माणसाला कुणाशी तरी बोलावंसं वाटतं, म्हणून मी या गटात जायला लागले. शिवाय तिथं चहाबरोबर भेळ असायची.

गटाचे प्रमुख म्हणजे आमचे सर, विभागप्रमुख. उभं आयुष्य त्यांनी माकडं आणि वानरं वाचण्यात घालवलं होतं. त्यांची दाढी छातीपर्यंत यायची, काळी-पांढरी, मधे एक पिवळट पट्टा. बोलायच्या आधी सर दाढीवरून वरून खाली सावकाश हात फिरवत, आणि हात खाली पोचेपर्यंत खोली गप्प झालेली असे. मोठ्या सभेतही हे चालायचं. बाकीचे प्राध्यापक टेबल वाजवत, घसा खाकरत. सर फक्त दाढी कुरवाळत.

दुसऱ्या होत्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम. त्यांच्या विभागात कूलर नव्हता, आमच्या खोलीत होता, त्यामुळे त्यांना उत्क्रांतीची गोडी लागली. दर शनिवारी त्या एकच प्रश्न विचारत, "ते सगळं ठीक आहे सर, पण आपली शेपूट गेली कुठं?" सर दर शनिवारी नवीन उत्तर देत, आणि मॅडम दर शनिवारी "असं होय" म्हणून भेळेतला कांदा बाजूला काढत.

तिसरा होता सरांचा पीएचडीचा विद्यार्थी, नगरजवळच्या घोडेगावच्या अलीकडच्या एका खेड्यातला. सर म्हणाले की वानराला चार पाय असतात, तर तो म्हणायचा हो सर. सर म्हणाले की नाही, दोन हात आणि दोन पाय असतात, तरी तो म्हणायचा हो सर.

एका शनिवारी सरांनी दाढीवरच व्याख्यान दिलं. नराच्या चेहऱ्यावरचे केस, गालांचे फुगवटे, आयाळ, हे सगळं म्हणजे त्याच्या दर्जाची पाटी असते, असं त्यांचं म्हणणं. "समोरचा नर ती पाटी वाचतो आणि वाट सोडतो. भांडण वाचतं."

मॅडम म्हणाल्या, "मग ज्यांना दाढी नाही त्यांनी काय करायचं?"

"त्यांनी पदव्या मिळवायच्या," सर म्हणाले.

ज्याला अजून धड मिशीही फुटली नव्हती तो विद्यार्थी म्हणाला, "हो सर."

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. गावाकडून त्याचे मामा बोलत होते. मामा फोनवर बोलताना इतक्या मोठ्यानं बोलत की स्पीकर लावायची गरजच नसे.

"भाच्या, तुमचं ते माकडांचं मंडळ हाय न्हवं का? त्यांना म्हनावं पिंजरा घेऊन या."

हळूहळू कळलं ते असं. गावात एक एकटा वानर आला होता, दांडगा नर. आधी त्यानं मोटारसायकलींचे आरसे फोडायला सुरुवात केली. दिसला आरसा की मार चापट. वनखात्याचा माणूस येऊन सांगून गेला होता की त्याला छेडू नका, तो आला तसा जाईल. पण जायचं सोडून आता त्यानं गावातलं सलून धरलं होतं.

"धरलं म्हणजे?" सरांनी फोनजवळ तोंड नेत विचारलं.

"म्हंजे दुकान उघडलं की येतो. खुर्चीत बसतो. आरशात बघून दात करकर वाजवतो. परवा त्याला बघून आमचं सरपंच गालावर फेस घेऊन पळालं. मीटिंगला अर्ध्या दाढीनं बसलं हुतं."

सरांचे डोळे चमकले. "त्याला आरशात दुसरा नर दिसतो. माकडवर्गात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. तुम्ही एक करा, सगळ्या गाड्यांच्या आरशांना फडकी बांधा. सलूनचा आरसा मात्र तसाच राहू द्या. आम्ही येतोय."

"पिंजरा घेऊन?"

"आम्ही पकडत नाही. निरीक्षण करतो."

"म्हंजे काय करता?"

"बघतो."

मग मामा म्हणाले, "बघायला तर आमी बी बघतोच की."

पुढच्या शनिवारी आम्ही मॅडमच्या गाडीतून निघालो. घाट उतरून पांढरीपुलावर थांबलो, भेळ खाल्ली, कारण मॅडमचं म्हणणं होतं की गटाची परंपरा प्रवासातही मोडू नये. गाडीत सरांनी आम्हाला निरीक्षणाचे नियम सांगितले. त्यातला मुख्य नियम असा, की काहीही झालं तरी निरीक्षकानं हलायचं नाही आणि बोलायचं नाही. "निरीक्षक म्हणजे भिंत," सर म्हणाले. "भिंत शिंकत नाही, मॅडम." मॅडमना भेळेतल्या तिखटानं शिंका येत होत्या.

गावात शिरलो आणि मॅडमनी गाडी एकदम हळू केली. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या झाडून सगळ्या मोटारसायकलींच्या आरशांवर मोजे चढवलेले होते. शाळेचे पांढरे, लोकरीचे, अंगठ्याशी भोक पडलेले. एका स्कूटीच्या आरशाला बाळाचं कुंची-टोपरं नीट गाठ मारून बांधलं होतं. ट्रॅक्टरच्या आरशावर अख्खी उशीची खोळ होती. सर खिडकीतून बघत राहिले. "विभागात माझं एक परिपत्रक कुणी इतक्या मनापासून पाळलं नाही," ते म्हणाले.

सलून दूध संकलन केंद्राच्या शेजारी होतं. पत्र्याचं छप्पर, दोन फिरत्या खुर्च्या आणि समोर भिंतभर आरसा. सलूनवाले भाऊ जाडजूड आणि बोलके. वानराबद्दल त्यांचं स्वतःचं मत पक्कं झालेलं होतं.

"त्याला कटिंग पायजे," ते म्हणाले.

सरांनी समजावलं की तसं नसतं, त्याला आरशात प्रतिस्पर्धी दिसतो.

"सर, तुमी शिकल्याली मानसं, पन हा माझा धंदा हाय. मानूस खुर्चीत बसतो, आरशात बघतो, डोक्यावरनं हात फिरवतो. कशाला? पेपर वाचाया?" त्यांनी टॉवेल झटकला. "फक्त त्याला सांगता येत न्हाई कुठला कट मारायचा ते."

मग त्यांनी अट घातली. दुकानात मोकळं माणूस उभं दिसलं की वानर आत येत नाही. खुर्चीत कपडा बांधून बसलेलं गिऱ्हाईक त्याला चालतं. म्हणजे जवळून बघायचं असेल तर एकानं गिऱ्हाईक व्हायला हवं होतं. विद्यार्थी लगेच पुढं झाला, पण त्याला दाढी नव्हती आणि केस कालच कापून झालेले होते. सर म्हणाले, "मी बसतो." खुर्चीत बसून त्यांनी सूचना दिली, "दाढीची फक्त टोकं जरा सारखी करायची. अगदी सावकाश. वेळ काढायचाय."

मी आणि मॅडम समोरच मामांच्या ओट्यावर बसलो. तिथून सलूनचा आरसा आणि त्यातला सरांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. विद्यार्थी मोबाईल घेऊन दूध केंद्राच्या खांबाशी उभा राहिला. मामांनी गावातली माणसं लांब थोपवून धरली होती. त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं की सर हे विद्यापीठातले सगळ्यात मोठे माकडवाले आहेत.

वानर आला तो दूध केंद्राच्या पत्र्यावरून. शेपटी कमानीसारखी वर, काळंभोर तोंड, भुवयांचे केस सरळ पुढं आलेले. इकडंतिकडं न बघता तो दुकानात गेला आणि रोजची जागा असल्यासारखा दुसऱ्या खुर्चीत बसला. खुर्ची थोडी फिरली. त्यानं पाय आरशाखालच्या फळीला टेकवून ती सरळ केली.

मग त्यानं आरशात बघितलं आणि दात वाजवले. तो आवाज आम्हाला ओट्यावर ऐकू आला, पाट्यावर वरवंटा घासावा तसा. सर निश्चल. सलूनवाले भाऊ एरवी या वानराला सरावलेले होते, पण आज त्यांच्याकडे विद्यापीठ बघत होतं. कात्री चालवता चालवता ते सारखे आरशातून आमच्या ओट्याकडे बघत होते. वानर खुर्चीवर उभा राहिला आणि आरशातल्या वानरावर एकदम "हूप" करून ओरडला.

भाऊंचा हात सटकला. सरांच्या दाढीचा मधला मोठा पुंजका कापला जाऊन त्यांच्या मांडीवर पडला.

मॅडमनी माझा दंड घट्ट धरला. सर हलले नाहीत. ते भिंत होते. आरशात त्यांचे डोळे एकदा मांडीकडे गेले आणि परत वानरावर आले. भाऊंनी आरशातून त्यांच्या तोंडाकडे बघितलं, काही उत्तर येतं का म्हणून. उत्तर आलं नाही. नंतर भाऊ आम्हाला म्हणाले, "बाबा काय बोलंना, म्हटलं चालतंय वाटतं."

मग त्यांनी डावी बाजू उजवीएवढी केली. ती जरा जास्त गेली, म्हणून उजवी डावीएवढी केली. गोष्टीतलं माकड दोन मांजरांना लोणी वाटून देतं, तशी ती दाढी संपत चालली. शेवटी सारखं करायला काही उरलंच नाही तेव्हा भाऊंनी ब्रश घेतला, वाटीत फेस केला आणि सरांच्या गालांना लावायला सुरुवात केली.

इथं वानरानं पहिल्यांदा आरशावरची नजर काढली. त्यानं सरांकडे बघितलं. आरशात आता एक काळं तोंड होतं आणि एक पांढरंशुभ्र. तो दात वाजवायचा थांबला. मान एका बाजूला कलवून त्यानं हात लांब केला, सरांच्या गालावरचा थोडा फेस बोटानं काढला, हुंगला, चाटला. त्याचं तोंड वाकडं झालं. त्यानं हात सरांच्या अंगावरच्या कपड्याला पुसला, अगदी घरच्यासारखा.

मला वाटलं आता काहीतरी भयंकर होणार.

वानर खुर्चीच्या हातावर सरकला, सरांच्या जवळ आला आणि दोन्ही हातांनी सरांच्या डोक्यावरचे केस बाजूला सारून बघायला लागला. एकेक बट उचलायची, बोटानं चाचपायची, खाली ठेवायची. सर ज्याला शिकवताना ग्रूमिंग म्हणायचे आणि आम्ही उवा काढणं म्हणायचो, ते चाललं होतं. सर इतकी वर्षं यावर लिहीत आले होते, पण कुठल्याही वानरानं स्वतःहून त्यांच्या डोक्याला हात लावलेला नव्हता. आरशात मला त्यांचे डोळे दिसले. ते भरून आले होते. फेसावरून एक थेंब ओघळला.

भाऊ वस्तरा धरून उभेच होते. दबक्या आवाजात ते वानराला म्हणाले, "तू वरचं बघ, मी खालचं बघतो." आणि खरंच त्यांनी खालचं आटपायला घेतलं. वर वानर, खाली भाऊ, मधे आमचे विभागप्रमुख. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम. मॅडमनी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

भाऊंनी तुरटी फिरवली तेव्हा पलीकडून दुधाचा टेम्पो आला. वानरानं आवाजाकडे बघितलं, सरांच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि खुर्चीवरून उतरून चालत बाहेर पडला. पळाला नाही. पत्र्यावर चढला आणि उसाच्या बाजूला दिसेनासा झाला.

विद्यार्थी धावत दुकानात शिरला. खुर्चीतून उठणाऱ्या माणसाला बाजूला सारून त्यानं विचारलं, "भाऊ, सर कुठं गेले?"

"मीच आहे," तो माणूस म्हणाला.

सरांना हनुवटी जवळजवळ नव्हती. जी होती तिच्यावर एक खळी होती. गाल गोरे आणि मऊ, बाळसं धरल्यासारखे, आणि त्याच्या वर नेहमीचं उन्हानं रापलेलं कपाळ. मॅडम म्हणाल्या, "अय्या सर, तुम्ही किती लहान आहात."

आम्हाला वाटलं सर आता भाऊंवर चिडणार. पण सरांनी भाऊंचे दोन्ही हात हातात घेतले. "पाहिलंत ना? त्यानं माझे केस विंचरले." मग विद्यार्थ्याकडे वळून म्हणाले, "सगळं घेतलंस ना मोबाईलमध्ये?"

त्यानं सगळं घेतलं होतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्यात भाऊंची पाठ होती. भाऊ डावीकडे झुकले की उजवीकडून वानराच्या शेपटीचा गोंडा दिसे आणि परत पाठ येई. सरांनी ती पाठ तिथंच उभ्यानं पूर्ण बघितली.

मामींनी जेवायला कुळथाचे शेंगोळे केले होते. वाढताना त्या सगळ्यांना पुरेल ना म्हणून ओसरीकडे बघत म्हणाल्या, "मोठ्या सरांसाठी झाकून ठेवते. ते माकडामागं गेल्यात का?" सरांनी दुसऱ्यांदा शेंगोळे मागून घेतले.

सोमवारी सर विभागात आले तेव्हा शिपाईकाकांनी त्यांना दारातच अडवलं. "साहेब अजून आले नाहीत. बाकड्यावर बसा."

कुणीही म्हटलं असतं की अहो मीच साहेब. पण सर संशोधक. ते बाकड्यावर बसले आणि कोण कसं वागतं ते बघत राहिले. एक कारकून त्यांच्या पायावरून गेला. परीक्षेचा फॉर्म भरायला आलेल्या एका मुलानं त्यांना विचारलं, "काका, तुमचा पण विषय बॅक राहिलाय का?" मी तास संपवून आले आणि खळीवरून ओळखलं, म्हणून ते आत गेले.

पुढच्या शनिवारचा गट सरांनी मुद्दाम याच विषयावर ठेवला. "दाढीचा आणि दर्जाचा संबंध आता सिद्ध झालाय," ते म्हणाले, आणि पुढं बोलायच्या आधी त्यांचा हात सवयीनं हनुवटीखाली गेला, हवेतच वरून खाली फिरला. खोली गप्प झाली नाही. मॅडम माझ्याशी कूलरच्या जाळीबद्दल बोलत राहिल्या. सरांना दोनदा "ऐका" म्हणावं लागलं.

मग ती गोष्ट घडली. विद्यार्थी म्हणाला, "मला तसं वाटत नाही, सर."

मॅडमनी कूलरची जाळी अर्ध्यावर सोडून त्याच्याकडे वळून बघितलं.

"काय म्हणालास?"

"एकच नमुना आहे सर. आणि तो नमुना तुम्हीच." बोलताना तो लाल झाला होता, पण थांबला नाही. "शिपाईकाकांनी तुम्हाला ओळखलं नाही, एवढंच सिद्ध होतं. आणि वानर तर दाढी गेल्यावरच तुमच्या जवळ आला. त्याच्या दृष्टीनं तुमचा दर्जा वाढला म्हणायचं की कमी झाला?"

सरांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांना राग येतोय की आनंद होतोय, ते त्या उघड्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. इतकी वर्षं ते दाढीत झाकलं जायचं. आधी भुवया चढल्या, मग गाल थरथरले, मग खळी खोल झाली.

"हे तू आधी का नाही बोललास? तीन वर्षं माझ्याकडे आहेस."

"आधी बोलावंसं वाटलं नाही, सर."

त्या दिवशी आम्ही खूप भांडलो. मीसुद्धा गांडुळं सोडून वानरांवर बोलले आणि दोन वाक्यं तर बरोबर आली. शिपाईकाका कुलूप घेऊन दारात येऊन उभे राहिले आणि ऐकता ऐकता आत येऊन बसले.

वानराचं म्हणाल तर वनखात्याचा माणूस म्हणाला होता तसंच झालं. उसाकडून वानरांची एक टोळी जात होती, तो तिच्या मागं लागला. मामांनी फोनवर सांगितलं. गावानं आरशांचे मोजे काढले, फक्त स्कूटीवाल्या बाईंनी टोपरं ठेवलं, कारण ते आरशाला शोभतं असं त्यांचं मत झालं होतं. सलूनवाले भाऊ मात्र नाराज होते. त्यांचं म्हणणं, अजून दोनचार दिवस राहिला असता तर त्याला कटिंगची सवय लागली असती.

सर आता पुन्हा दाढी वाढवतील असं आम्ही धरून चाललो होतो. एका रविवारी सकाळी मी तारकपूर स्टँडवर आईला पोचवायला गेले होते. तिथं सर उभे दिसले, शेजारी एक बाई, हातात पिशवी. सरांच्या मिसेसना मी पहिल्यांदाच बघत होते.

"घोडेगावकडे निघालोय," सर म्हणाले. "पाठपुराव्याचं निरीक्षण."

"दाढी करायला निघालेत," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "दर रविवारी जातात. नगरमध्ये कुणाचा हात तसा चालत नाही म्हणे."

"आणि तुम्ही पण?" मी विचारलं.

"मी बघते बसून. आमच्या लग्नातसुद्धा दाढी होती यांना. हनुवटी आहे हेच मला माहीत नव्हतं." त्यांनी सरांच्या गालाकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. "तिथल्या मामी पण छान आहेत. आज त्यांच्यासाठी लोणचं घेतलंय."

सर बाजूच्या फलकावर काहीतरी वाचत असल्यासारखं करत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

बस आली, गर्दी दाराशी उसळली. सर दाराकडे धावले आणि वहिनी खिडकीकडे. वहिनींनी पिशवी काखेत मारली, हात उंच करून खिडकीतून आतल्या सीटवर रुमाल टाकला आणि मग निवांत चढल्या.